हरेश्वरची ट्रेड टेस्ट

माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला टर्नर ट्रेड टेस्टमध्ये नापास झाला होता.

आज सकाळी दातिवऱ्याला, राहत्या घरी, तो वारला. हरेश्वर. वय सत्त्याऐंशी.

कमेंटमध्ये नुसतं आरआयपी टाकून पुढे जाऊ नका. आधी वाचा. एका बोटाने टाइप करतोय, त्याची तरी कदर करा.

साठच्या दशकातली गोष्ट. पालघरला एक पुठ्ठ्याचा कारखाना होता. भाताचा पेंढा शिजवून त्याचा पुठ्ठा करायचे. आम्ही दोघं मेंटेनन्सला. म्हणजे काहीही मोडलं की सगळे आमच्या तोंडाकडे बघणार.

मी वाणगावचा, जेमतेम आठ महिने झालेला. तो सात वर्षं मुरलेला.

स्पेअर पार्ट बाहेरून येतच नसत. शाफ्ट, बुश, पिन, जे मोडेल ते आमच्या एकुलत्या एका लेथवर लोखंड कातून बनवायचं.

आणि तो लेथ म्हणजे डोक्याला ताप!

कुठल्या तरी गिरणीने भंगारात काढलेला. चकजवळ, म्हणजे रॉड पकडणाऱ्या जबड्यापाशी, टूल सरकतं तो बेड पार झिजला होता. टूल तिथे पोचलं की मागे सरायचं आणि शाफ्टचं ते टोक जाड राहायचं. दोन्ही टोकांना सारखा शाफ्ट त्या मशीनवर निघणं शक्यच नव्हतं.

हरेश्वर काढायचा.

टूल चककडे निघालं की त्याचा हात आपोआप हँडल फिरवून टूल केसभर आत सरकवायचा. बघतही नसे. गप्पा मारता मारता, बिडी ओढता ओढता. मायक्रोमीटर लावला की दोन्ही टोकं एका मापाची.

मलाही शिकवायचा, रोज, न चिडता. माझ्या हाताला ते कधी जमलं नाही.

मेंटेनन्सवाले दरवर्षी नवा लेथ मागायचे. मॅनेजरसाहेबांचं उत्तर ठरलेलं.

“हरेश्वर काम काढतोय ना? मग मशीन चांगलंच आहे.”

अजून हे वाक्य आठवलं की माझं बीपी चढतं. सात वर्षं एका माणसाच्या हाताने मशीनचा दोष झाकला आणि यांनी मशीनला सर्टिफिकेट दिलं!

मग तारापूरच्या मोठ्या प्रकल्पाचं काम सुरू झालं. तिथल्या वर्कशॉपला लेथ चालवणारा एक टर्नर हवा होता. एकच. कायम नोकरी आणि वर दोन खोल्यांचं क्वार्टर.

हरेश्वरला ते क्वार्टर हवं होतं. बायको आणि दोन मुली दातिवऱ्याला, हा पालघरला भाड्याच्या खोलीत. शनिवारी सफाळ्याला उतरून घरी जायचा, रविवारी परत. धाकटी त्याला बघून आईच्या मागे लपायची. हे त्याने मला एकदाच सांगितलं होतं, पण नीट सांगितलं होतं.

त्याच्याच आग्रहाने मीही अर्ज भरला. त्याला सोबत हवी होती.

टेस्टला दोन नवेकोरे लेथ शेजारी शेजारी. प्रत्येकाला एक रॉड, एक तास. बोललात तर बाहेर, हे टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी आधीच बजावलेलं.

त्याने आधी मशीनवरून हात फिरवला. नवीन मशीन तो जन्मात पहिल्यांदा चालवत होता. खूश दिसला.

माझं काम आधी झालं. बरं म्हणावं इतपत. मी उभा राहून त्याच्याकडे बघत होतो.

त्याचा शेवटचा कट चालू झाला. टूल चककडे निघालं.

आणि त्याचा हात हँडलवर गेला. केसभर आत.

त्या मशीनचा बेड सरळ होता. त्याला असल्या मदतीची काही गरज नव्हती.

“हात काढ.” एवढंच बोलायचं होतं. बोललो असतो तर दोघांनाही बाहेर काढलं असतं, असं मी साठ वर्षं स्वतःला समजावतोय. पण जागा एकच आहे, हेही मला तेव्हा आठवलं होतं. खोटं कशाला बोलू?

साहेबांनी त्याचा शाफ्ट दोनदा मोजला. चककडचं टोक बारीक. रिजेक्ट.

मी पास झालो. का, तर त्याची विद्या मला आली नव्हती म्हणून!

मी त्याला म्हटलं, साहेबांना जुन्या लेथचं सांग, दुसरा रॉड माग. ऐकलं नाही. त्याचा तर मला भयंकर राग आला. माणसाने एकदा तरी स्वतःसाठी तोंड उघडावं की नाही?

बोईसरला एसटीची वाट बघत बसलो होतो. बिडी पेटवत तो बोलला.

“मशीन सरळ हाय रे. माजाच हात वाकडा झाला.”

मग त्याने विचारलं, “तू बगत होतास काय?”

“नाही,” मी म्हटलं. “माझं लक्ष नव्हतं.”

त्याने मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मला क्वार्टर मिळालं. लग्न झालं नव्हतं. एका खोलीत मी, दुसरी रिकामी. तो कारखाना बंद पडेपर्यंत त्याच लेथवर राबला आणि शनिवारी घरी जात राहिला.

नंतर किती वेळा दातिवऱ्याला गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून जायचो. पोटभर जेवायचो आणि सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन परत यायचो. दरवेळी.

आज त्याची धाकटी भेटली. म्हणाली, काका, बाबा सगळ्यांना सांगायचे, मी शिकवलेला माणूस पहिल्या झटक्यात पास झाला.

मला तिच्याकडे बघवलं नाही.

हरेश्वर, मी बघत होतो रे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत होतो.

जमलं तर माफ कर. शेवटचा नमस्कार.