थ्रीनॉटथ्री काकू

काकू पुरणपोळी लाटायच्या तेवढ्याच सहजपणे हरीण सोलायच्या. दोन्ही कामांना त्यांचा एकच निळा एप्रन होता, आणि तो पाहून आज घरात नेमकं काय चाललंय हे वास आल्याशिवाय कळायचं नाही.

मला हे कळलं ते किंचाळल्यावर. कॅनडात व्हँकुव्हरपासून चार तासांवरच्या त्या लाकूडगिरणीच्या गावात मी गिरणीचे कॉम्प्युटर सांभाळायला आलो होतो आणि काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. पहिला बर्फ पडला म्हणून फावडं आणायला गॅरेजमध्ये गेलो. दिवा लावला, तर तुळईला मागच्या पायांनी टांगलेलं एक अख्खं हरीण, आणि त्याच्यामागून चष्मा लावलेला साठीच्या काकूंचा चेहरा.

"ओरडू नकोस, ते गेलंय," काकू म्हणाल्या. "तू कुठला म्हणालास?"

"नागपूरचा."

"सावजी मटण हाणणारी माणसं तुम्ही, आणि किंचाळता? धर ती बादली."

मी बादली धरली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी कायमचा 'नागपूर' झालो.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत इलेक्ट्रिशियन होता, तो मी येण्याच्या बऱ्याच आधी गेला. गावात पंजाबी घरं पुष्कळ, मराठी घर हे एकच. गणपतीला काकू मोदकांचा डबा घेऊन व्हँकुव्हरला यायच्या. तिथली मराठी मंडळी त्यांच्यामागे त्यांना 'थ्रीनॉटथ्री काकू' म्हणायची. एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही खरंच मारता?" त्यावर त्या म्हणाल्या, "मारते. तुमच्या कॉस्टकोतल्या मटणासाठी दुसरं कुणीतरी मारतं. घे, मोदक घे."

ती थ्रीनॉटथ्री म्हणजे महायुद्धातली लष्करी रायफल. युद्ध संपल्यावर अशा रायफली या देशात ढिगानं विकायला आल्या होत्या. हार्डवेअरच्या दुकानात एका पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या असायच्या, तिथून काकांनी एक उचलली. शिकारीला जड पडते म्हणून त्यांनी तिचं पुढचं लाकूड गिरणीतच करवतीनं कापलं. इथले लोक तसंच करायचे. पण काकूंनी ते पाहिलं आणि दोन दिवस नवऱ्याशी अबोला धरला. त्यांचे वडील त्याच युद्धात सैनिक होते. माहेरच्या फोटोत त्यांच्या खांद्याला याच जातीची रायफल होती, अख्ख्या लाकडाची. "बाबांचा हात कापल्यासारखं वाटलं रे," असं त्या मला सांगायच्या, आणि लगेच त्याच रायफलीला तेल लावायला बसायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "काकू, हिनं माणसं मारली असतील ना?"

"मारली असतील. म्हणून तर आता हिला जपून वापरायचं."

जपून म्हणजे काय, ते त्यांच्यासोबत रानात गेल्यावर समजलं. काकू एका हरणावर एकच गोळी झाडायच्या. ती जागच्या जागी लागेल अशी खात्री नसेल तर बंदूक खाली. कितीतरी वेळा हरीण समोर उभं असायचं, मी श्वास रोखून, आणि काकू पुटपुटायच्या, "फांदी आडवी आहे. जाऊ दे त्याला." मारल्यावर त्या हरणाशेजारी जमिनीवर बसायच्या, त्याच्या मानेवर हात ठेवून. मला घाई असायची. "बस की जरा," त्या म्हणायच्या. "त्याला काय घाई आहे?"

त्यांच्या आग्रहानं मी परीक्षा देऊन बंदुकीचं आणि शिकारीचं लायसन्सही काढलं. काकूंनी विचारलं, "पुस्तक नीट वाचलंस?" मी म्हटलं, "काकू, पैकीच्या पैकी." आणि ते खरं होतं. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग जसं काढलं तसंच हेही काढलं: पाठ केलं, उतरवलं, विसरलो. त्यात एक प्रश्न होता की मोठ्या जनावरावर लष्करी गोळी चालते का. 'नाही' या उत्तरावर मी बरोबरची खूण केली होती. का नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. लायसन्स मिळूनही पुढे मी कधी चाप ओढला नाही. मी आपला बॅग उचलणारा, थर्मास धरणारा. मला वाटायचं, माझे हात स्वच्छ आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याआधीची गोष्ट. तोवर मी व्हँकुव्हरला कॉन्डोत राहायला गेलो होतो, पण शिकारीच्या मोसमात न चुकता काकूंकडे जायचो. त्यांची बोटं सांधेदुखीनं आखडली होती. "हा शेवटचा मोसम," त्या फोनवर म्हणाल्या. मला त्यांच्यासाठी काहीतरी खास न्यायचं होतं. जुन्या हत्यारांच्या एका प्रदर्शनात मला थ्रीनॉटथ्रीच्या गोळ्यांचा सीलबंद लष्करी डबा दिसला, वर ब्रिटिश सैन्याची बाणाची खूण छापलेली. मी हरखलो. काकूंच्या वडिलांच्या हातात असतील तशाच या गोळ्या! रायफल लष्करी, मग गोळीही लष्करी. केवढ्या आपलेपणानं घेतला मी तो डबा.

त्या सकाळी टेकडीच्या उतारावर थंडीनं काकूंना मॅगझिन भरता येईना. "मी भरतो," मी म्हटलं आणि त्या डब्यातल्या गोळ्या भरल्या. हातमोजे घातलेल्या काकूंनी रायफल घेतली. डबा मी संध्याकाळी दाखवणार होतो, सरप्राइज म्हणून.

समोर आला तो नर होता, मोठ्या कानांचा. आडवा उभा राहिला, मध्ये एकही फांदी नाही. काकूंनी वेळ घेतला आणि गोळी झाडली. हरणानं नुसता झटका दिला आणि ते पळालं.

काकू तशाच उभ्या राहिल्या. "माझे डोळे गेले," त्या म्हणाल्या. "नागपूर, माझा हात गेला."

रक्ताचे थेंब फार बारीक होते. बर्फावर एक, मग बऱ्याच अंतरावर दुसरा. आम्ही ते शोधत दलदलीच्या कडेनं चाललो. काकू काही ठिकाणी गुडघ्यावर रांगत गेल्या. मी म्हटलं, "काकू, राहू द्या, तुम्ही थकलात," तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही गुडघ्यावर आलो. दुपार कलली तेव्हा ते एका पडलेल्या झाडामागे सापडलं. बसलेलं होतं, मान ताठ. जिवंत. प्रत्येक श्वासाला तोंडाशी गुलाबी फेस येत होता, आणि ते आमच्याकडे पाहत होतं.

काकूंनी बरगडीवरची जखम पाहिली. बरोबर जिथे हवी तिथे होती, पण सुईनं भोसकल्याएवढी. त्यांनी रायफलीचा बोल्ट मागे ओढला, आतलं काडतूस हातात घेतलं, दातांनी हातमोजा काढला आणि गोळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं. आत गेल्यावर ती पसरते आणि जनावर तिथंच पडतं. ही टोकापर्यंत कडक धातूनं मढवलेली होती. आरपार जाणारी.

"ही कुठली?"

मी सांगितलं. डब्याचं, बाणाचं, त्यांच्या बाबांचं, सगळं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या गोळीकडेच बघत राहिल्या. "हरणावर ही झाडायला कायद्यानं बंदी आहे," त्या हळू म्हणाल्या. "त्याचे हाल होतात म्हणून. आणि माणसांवर मात्र हीच झाडायची, पसरणारी नाही, असा लढाईचा कायदा. बाबा हीच घेऊन फिरले रे. मी कधी विचारच नाही केला, समोरच्याचं काय होत असेल." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना इतक्या वर्षांत घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी कोटाचे खिसे चाचपले. गेल्या मोसमातली एक मऊ टोकाची गोळी निघाली. ती त्यांनी रायफलीत घातली आणि रायफल माझ्याकडे दिली.

"मी? काकू, मला नाही जमणार."

"त्यालाही हे जमत नाहीये. चल."

मी चाप ओढला. त्यानंतर काकू त्याच्याशेजारी बसल्या, आणि त्यांनी न सांगता मीही बसलो. मी रडत होतो. त्या रडत नव्हत्या. त्यांचा हात हरणाच्या मानेवर नव्हता, मांडीवर तसाच पडला होता.

वसंतात त्या मुलीकडे कॅलगरीला जायला निघाल्या. सामान बांधायला मी गेलो होतो. त्यांनी रायफल माझ्यासमोर ठेवली आणि ट्रान्सफरसाठी माझ्या लायसन्सचा नंबर मागितला. मला धक्काच बसला.

"काकू, माझ्या हातात नका देऊ. मी काय केलं ते विसरलात का?"

"विसरले असते तर दिली नसती," त्या म्हणाल्या. "कुणाला देऊ मग? ज्याच्या हातून कधी काही बिघडलंच नाही, त्याला? तो डब्यावरचं वाचून बिनधास्त भरेल. तू प्रत्येक गोळीचं टोक बघशील. मरेपर्यंत बघशील."

गेल्या मोसमात मी एकटा गेलो. खरं सांगायचं तर रायफल गाडीतच ठेवून परत यावं असं मनात होतं. पण गेलो. टोक अंगठ्यानं तपासलं, पुन्हा तपासलं. दोन हरणं जाऊ दिली. तिसरं दुपारी उघड्यावर आलं, आणि पडलं ते जिथे उभं होतं तिथेच. शेजारी बसलो. नंतर टेकडीवर चढलो, तिथे रेंज येते, आणि कॅलगरीला फोन लावला. काकूंचा आवाज आजारपणानं बारीक झाला होता.

"पळालं का?" त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"नाही."

"एक पाऊलही?"

"नाही, काकू. जागच्या जागी."

हिवाळा संपायच्या आत काकू गेल्या. त्यांच्याशी मी बोललो ते हे शेवटचं. पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. मी बर्फात, रक्ताळलेल्या हातात फोन धरून उभा होतो आणि माझं नाक वाहत होतं, हे त्यांना तिथून ऐकू आलं असावं.

"नागपूर," काकू म्हणाल्या, "रडून झालं असेल तर खाली जा. अंग गरम आहे तोवर सोलून घे, नंतर कातडं सुटत नाही."