काकांच्या मशीनचा खेळ

गेल्या रविवारी, मीटिंगचा चहा यायच्या आत, आमच्या तरसालीच्या सोसायटीने तळमजल्यावरच्या काकांवर अन्याय केला. त्यांच्या गॅरेजातलं, धातू कापायचं मिलिंग मशीन महिनाअखेर हलवायचा ठराव झाला. कारण काय, तर आवाज! वरातीचा डीजे मात्र आम्हाला चालतो.

मशीन खडखडायचं, कारण त्याचं टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवरचा पितळी नट झिजला होता. नटातल्या या सैलपणाला काका ‘खेळ’ म्हणतात.

आमचे गुजराती सेक्रेटरी म्हणाले, “काका, बस करो ने! या वयात कसला खेळ?”

“अरे भाई, खेळच तर काढतोय. बरोबर?”

काका प्रत्येक वाक्याला ‘बरोबर?’ विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. लोक हसले आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले.

मी संतापून पत्रकं छापली: ‘कामगाराचं हत्यार हिसकावू नका!’ गठ्ठा घेऊन गॅरेजात गेलो, तेव्हा काका नव्या नटासाठी प्लास्टिकचे दोन ठोकळे तापवून स्क्रूभोवती व्हाइसच्या शिकंज्यात आवळत होते. म्हणजे ठोकळ्यांत स्क्रूचे आटे आपोआप उमटतात. त्यांनी पत्रक बोटांत चोळून पाहिलं, घडी घातली आणि व्हाइसच्या जबड्यात सरकवलं.

“कागद जाड आहे. पकड सुटणार नाही. बरोबर?”

“काका, वाचा तरी!”

“तू वाचलंयस ना? मग झालं.”

नवा नट बसलाय. मशीन आता तुमच्या मिक्सरपेक्षा कमी आवाज करतं. तेव्हा शेजाऱ्यांनो, येत्या रविवारी आधी गॅरेजात येऊन कान द्या आणि मग ठराव मागे घ्यायला हात वर करा. पत्रक मागू नका. गठ्ठा काकांनी ठेवून घेतलाय.