चढतं वळण आणि उजवा बैल

विमान शिकवणाऱ्या मास्तरची जिरवायची असं मी ठरवलं, त्याला कारण माझा उजवा पाय.

आम्ही केशोरीकडचे धानवाले. बैलबंडी हाकण्यातच माझं लहानपण गेलं. बंडी डावीकडे वळवायची तर डाव्या बैलाचा कासरा ओढायचा आणि उजव्या बैलाला उजव्या पायानं टोचायचं. तो पुढे झेपावतो, बंडी डावीकडे वळते. विमानात नेमकं उलटं. उजवा पाय दाबला की नाक उजवीकडे. डोक्याला कळायचं हो, पण पायाला कोण सांगणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी गोंदियाजवळ बांधलेल्या धावपट्टीवर हिवाळ्यात क्लबचं विमान यायचं. उघडंच होतं ते. मास्तर पुढे, मी मागे, बोलायला रबरी नळी. माणूस पुण्याकडचा. पाय चुकला की नळीतून माझ्या बोलीची नक्कल करायचा. ते मी गिळलं. पण एकदा माझा बाप बघायला आला, तर मास्तर सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "पाटील, याला घरी न्या. हा बैल हाकून राहिला." सगळे हसले. बापाला वाटलं पोराचं कौतुक चाललंय, तोही हसला. ते हसणं माझ्या काळजात रुतलं. म्हटलं, थांब लेका, तुला दाखवतो.

त्या दिवसापासून बंडीला पाय लावला नाही. घरी बाजेवर बसून फळीवर पाय घोटवले.

परीक्षेत शांडेल करायचं होतं, म्हणजे चढता चढता वळून उलट्या दिशेला तोंड करायचं. आधी नाक किंचित खाली करून वेग घ्यायचा. मग विमान कलतं करून, इंजिनाला पूर्ण ताकद देत नाक उचलायचं. निम्मं वळण झालं की पंख हळूहळू सरळ करायचे, नाक मात्र तसंच वर. वेग मरत जातो, आणि आमच्या विमानाचं नाक तेव्हा उजवीकडे पळायचं. ते डाव्या पायानं धरायचं. बंडीवाला तिथेच उजवा पाय मारतो आणि गरगरत खाली येतो. पंख सरळ झाले की वेग जेमतेम उरतो. तेव्हा लगेच नाक उतरवायचं, नाहीतर विमान थरथरतं आणि कोसळतं.

परीक्षा मास्तरच घेणार होता. पास झालो तर लायसन, नाहीतर वर्षभर पुन्हा धानाच्या बांधीतला चिखल.

मी वळण घेतलं. डावा पाय बरोबर जागी. पंख सरळ झाले. आता नाक उतरवायचं होतं. मी उतरवलं नाही. विमान थरथरायला लागलं. पुढच्या बैठकीच्या काठावर मास्तरचा हात घट्ट आवळलेला दिसला. नळीतून आवाज आला, "बस. नाक खाली घे."

"चढून राहिलो न साहेब," मी म्हटलं. "थांबा जरा."

अजून दोन श्वास नाक तसंच धरलं, मग उतरवलं. काय सांगू, असं सुख मला माझ्या लग्नातही झालं नाही.

उतरल्यावर मास्तरनं घाम पुसला. ओरडला नाही. म्हणाला, पाय एकदाही चुकला नाही, वळणही फार चांगलं होतं. पण थरथर सुरू झाल्यावरही तू धरून ठेवलंस, म्हणून नापास. आणि ते खरंच होतं, हे मलाही कळत होतं.

धावपट्टीच्या कडेला बाप नवं धोतर नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. त्याला सांगावं लागलं.

"पाय चुकला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग काऊन?"

मी त्याच्या हातातला पुडा सोडला आणि एक पेढा त्याच्या तोंडात घातला.