वस्तादांचे पळपुटे

कुणी हात आपटला की वस्ताद खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. साधं हरणं त्यांना चालायचं. ठोसा लागून माणूस आडवा झाला, गुणांवर मागे पडला, दम संपून कोसळला, तर ते मांडीवर थाप मारून "लढला की" म्हणत. पण खाली सापडलेल्यानं समोरच्याच्या अंगावर हात आपटून 'सोड' अशी खूण केली, की खुर्चीचे पाय फरशीवर करकरायचे. त्या आवाजानं माझं डोकं उठायचं. मग भिंतीला उद्देशून एकच शब्द यायचा, "पळपुटा."

सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी एमएमएचा हॉल सुरू केला, तेव्हा हा खेळ काय असतो ते येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं. बॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती, सगळं एकाच लढतीत. मी कॉलेजपासून ज्युदो खेळत होते, ठोसे आणि लाथा पुण्यात शिकून आले होते. अंगाला भिडून माणूस खाली कसा आणायचा, हे शिकवायला मात्र मला कुस्तीतलंच कुणीतरी हवं होतं. वस्ताद मोडनिंबचे. तरुणपणी आसपासच्या जत्रांतली मैदानं त्यांनी मारलेली, आणि पुढे सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. निवृत्तीनंतर ते सोलापुरात मुलीकडे राहायला आले होते. संध्याकाळचे ते घराबाहेर राहिले तर बरं, असं त्या मुलीचं मत होतं. ते तिनं मला पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

नोकरी संपली तरी कंडक्टर त्यांच्यातून उतरला नव्हता. आमची पोरं लढताना मॅटभोवतीच्या जाळीला पाठ लावून अडकली की वस्ताद ओरडायचे, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय." क्लास सुटल्यावर ते शेवटच्या थांब्यावर गाडी तपासावी तसे हॉलभर फिरत, विसरलेल्या बाटल्या आणि टॉवेल गोळा करत आणि दुसऱ्या दिवशी बैठका मारल्याशिवाय परत देत नसत. एकदा त्यांनी माझाच मोबाइल जप्त केला. मी बैठका मारल्या. दुसरा इलाज नव्हता.

हात आपटण्यावरून आमचा वाद रोजचा होता. "मास्तरीणबाई," ते मला म्हणायचे, "कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. पन पाठ समोरचा टेकवतो. आपुन त्याला म्हनत न्हाय, बाबा, मला पाड म्हनून. तुमची पोरं सोताच सांगत्यात, मला सोड."

"नाही सांगितलं तर हाड मोडेल, वस्ताद. गळा धरलेला असेल तर माणूस बेशुद्ध पडेल."

"मग पंच कशाला हाय तितं? बघंल की तो."

पंचाला बाहेरून सगळं दिसत नाही, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं असेल की शेवटी मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. ते शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायचे.

एकदा लॅपटॉपवर मी मुलांना परदेशातली एक लढत दाखवत होते. तिसऱ्या फेरीआधी एक खेळाडू स्टुलावरून उठलाच नाही. त्याचा एक डोळा सुजून पूर्ण मिटला होता. लगेच खुर्ची करकरली. यासीन आमच्याकडचा सगळ्यात तयार मुलगा, वडिलांच्या टायरच्या दुकानात काम करून संध्याकाळी यायचा. तो म्हणाला, "वस्ताद, उसकी आँख बंद थी. सामने का दिखताच नै था उसकू."

"एक हुती की उघडी," वस्ताद भिंतीला म्हणाले.

तेवढ्यावर भागलं नाही. त्याच दिवशी हॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा आवाज आला, "ज्याला हात आपटायचा हाय, त्यानं तबल्याच्या क्लासला जावं." एका मुलीच्या आईनं तो ऐकला आणि मुलीला काढून नेलं. मी वस्तादांना बोलले तर म्हणाले, "एक गेली. बाकीच्या हायत की." हॉल माझा होता, भाडं मी भरत होते, आणि बोलणी त्यांच्या वाटची मी खात होते.

काढून का टाकलं नाही, असं मला अनेकांनी विचारलं आहे. अंकिता नावाच्या मुलीला वडील स्पर्धेला पाठवेनात, तेव्हा वस्ताद तिच्या घरी जाऊन बसले. वाद घातला नाही, नुसते बसले. चहा घेतला, परत चहा घेतला, टीव्हीवरच्या बातम्या पाहिल्या, जेवणाची ताटं वाढली गेली तरी उठले नाहीत. शेवटी वडील म्हणाले, "जाऊ दे तिला, पण तुम्ही घरी जा." अशा माणसाला काढायचं कसं?

यासीनचा तर त्यांच्यावर जीव होता. वस्ताद म्हणतील ते खरं. पुण्याच्या स्पर्धेत त्याच्या कोपऱ्यात आम्ही दोघं होतो. मी सूचना द्यायला आणि वस्ताद पाणी द्यायला. टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. आपला खेळाडू संकटात आहे असं वाटलं तर कोपऱ्यातून टॉवेल आत टाकायचा, की लढत थांबते.

पहिली फेरी यासीननं आरामात घेतली. दुसऱ्या फेरीत तो घाईनं आत शिरला आणि समोरच्यानं त्याचा हात पकडून दोन्ही पायांत अडकवला. कोपर उलट्या बाजूला ताणायचा तो डाव. यासीननं सुटायचा प्रयत्न केला, आणखी फसला. मग त्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आमच्याकडे म्हणजे वस्तादांकडे.

"आपटू नको," वस्ताद ओरडले.

मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. त्यांनी दुसरं टोक धरलं. शेकडो माणसांसमोर आम्ही दोघं एक टॉवेल दोन्हीकडून ओढत होतो. मी म्हणत होते, "सोडा, वस्ताद, सोडा," आणि ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आतून लाकूड पिचल्यासारखा आवाज आला. पंचांनी उडी घेऊन लढत थांबवली. तेव्हा कुठे टॉवेल माझ्या हातात आला.

परतीच्या गाडीत यासीन हात गळ्यात बांधून बसला होता. दुखण्याच्या गोळ्यांनी डोळे जड झाले होते, पण चेहरा खूश होता. "वस्ताद, भागा नै ना मैं?" त्यानं विचारलं. वस्ताद खिडकीबाहेर बघत राहिले. शाबासकी द्यायची तर द्यावी, चुकलं म्हणायचं तर म्हणावं. इतर वेळी ज्या माणसाचं तोंड मिटत नव्हतं, तो टेंभुर्णी आली, मोडनिंब मागे पडलं, तरी गप्प होता. मला त्यांना गाडीतून उतरवून द्यावंसं वाटत होतं.

यासीनच्या घरी आम्ही दोघं गेलो. त्याची आई, नसीमखाला, दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि मग वस्तादांकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "मेरे बच्चे का हाथ टूटा," त्या म्हणाल्या. "वो नै भागा, मान लिया. उसमें तुमकू क्या मिला, वो बताओ."

वस्तादांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. जिना उतरताना मी त्यांना सांगितलं की उद्यापासून हॉलवर येऊ नका. त्यांनी मान हलवली.

ते यायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते फार दिवस टिकलं नाही. पोरं जाळीला अडकली की हॉलमध्ये एक विचित्र शांतता पडायची. मग कळलं की वस्ताद रोज यासीनकडे जातात. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, तसे ते त्याला व्यायामाला घेऊन जात आणि तिथे त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला शिकवत बसत. तिचा मला फोन आला, "मॅडम, हे तुमचे आजोबा आहेत का? यांना जरा सांगा ना." मी म्हटलं, मला सांगता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.

पुढे एका संध्याकाळी दोघं हॉलवर आले. यासीनचा हात बरा झाला होता, पण कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, आणि आता तो लढू शकणार नव्हता. वस्तादांनी चपला दारात काढल्या, मला काहीही न विचारता मॅटवर उताणे झोपले आणि उजवा हात वर केला. "लाव," ते यासीनला म्हणाले. "तुला लावला हुता त्योच डाव."

"वस्ताद, तुमचं वय काय, चाललंय काय," मी म्हणाले. "उठा बघू."

"तुमी गप बसा, मास्तरीणबाई."

यासीननं माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसला, त्यांचा हात पायांत घेतला आणि हळूहळू ताणू लागला. वस्तादांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या. तरी ते हूं की चूं करेनात. यासीननं एकदम सोडून दिलं.

"का सोडलंस?"

"डर लगा. टूट जाता था."

"तुला कसं कळलं, कुटं मोडतो ते?"

"मेरे कू नै कळता वस्ताद," यासीन म्हणाला. "जिसका हाथ है, उसकूच मालूम रहता. मेरे कू उस दिन मालूम था. आधीच मालूम था."

वस्तादांनी हात पुन्हा वर केला. हॉलमधली पोरं हातातलं काम टाकून उभी होती. "परत लाव," ते म्हणाले. या वेळी हात ताणला गेला आणि थोड्याच वेळात त्यांचा डावा पंजा यासीनच्या गुडघ्यावर पडला. हलकाच, दारावर टकटक करावी तसा. यासीननं सोडलं. वस्ताद उठून बसले, कोपर चोळलं आणि कुणाकडेही न बघता चपला घालून खाली गेले. दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी हजर होते. या, असं मी म्हटलं नव्हतं. बाटल्या जप्त करायला त्यांनी लगेच सुरुवात केली.

माणूस सुधारला असं मला वाटलं, ती माझी समजूत लातूरला उतरली. अंकिताची लढत होती. कोपऱ्यात टॉवेल परत त्यांच्याकडे, कारण त्यांनी तो मागून घेतला होता. अंकिता छान खेळत होती. समोरच्या मुलीनं तिचं मनगट धरलं, फक्त मनगट, आणि टॉवेल उडत मॅटवर जाऊन पडला. लढत संपली. पंचांनी दुसरीचा हात वर केला. अंकिता जाळीतून बाहेर आली ती रडतच, रागानं.

"वस्ताद, मी जिंकत होते."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "तू जिंकत हुतीस."

"मी हात आपटला नव्हता. मला लोक पळपुटी म्हणतील."

"तुला का म्हनतील? मी टाकला की टॉवेल. कुनी इचारलं तर सांग, आमचा म्हातारा पळाला." आणि वाकून ते तिच्या ग्लव्हजच्या पट्ट्या सोडायला लागले. अंकिता सोलापूरला परत येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मीही नाही. यानंतर टॉवेल मी माझ्याकडे ठेवला.

पुढे गुडघे जिना चढेनात, तसे ते मोडनिंबला मुलाकडे राहायला गेले. आम्ही सगळे त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. निरोपाचं बोलावं असं माझ्या मनात होतं. पण तिकीट द्यायच्या पद्धतीवरून त्यांनी त्या गाडीच्या कंडक्टरशी वाद काढला आणि गाडी सुटली तरी तो चालूच होता. आम्ही हलवलेले हात त्यांनी पाहिले की नाही, कोण जाणे.

हॉलवर आता यासीन शिकवतो. नवं पोर आलं की तो पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवत नाही, फक्त हात कसा आणि केव्हा आपटायचा ते. टीव्हीवर हरलेल्यांना वस्ताद अजूनही नावं ठेवतात, मोडनिंबहून, व्हॉइस मेसेजवर. त्याचं मी काही करू शकत नाही.

मागच्या महिन्यात अंकिता हरली. चांगली लढली, मग गळा सापडला आणि तिनं हात आपटला. ही बातमी वस्तादांना सांगावी की नाही, याचा मी विचार करत होते, तोवर हॉलवर असतानाच त्यांचा फोन आला.

"आपटला म्हनं तिनं."

"हो," मी म्हणाले आणि भांडायच्या तयारीनं उभीच राहिले.

"बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मग तिला द्या फोन."

अंकिता फोन घेऊन खिडकीपाशी गेली. तिनं फक्त ऐकलं, दोनदा "हो वस्ताद" म्हणाली, आणि फोन मला परत दिला. तिचा चेहरा पडला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, उशिरा आपटलास."

पुढचा आठवडाभर मी आणि यासीन तिची समजूत घालत होतो, की नाही बाई, तू अगदी वेळेवर आपटलास.