बंद घराचा मीटर

दत्तूअण्णा गेले त्याला वर्ष होत आलं. घराला कुलूप, तरी भिंतीवरच्या नव्या वीजमीटरचा हिरवा ठिपका मधूनच लुकलुकतो. शपथेवर सांगतो, त्या उजेडात आमच्या मांजराने उंदीर पकडलाय. बरं, उंदीर नसेल, झुरळ असेल.

परवा वायरमन तो मीटर काढायला आला. समोर लेकीकडे राहणाऱ्या सुशीलावहिनी, अण्णांच्या पत्नी, अनवाणीच धावत आल्या.

"काढू नकोस रे! तेवढंच जागं आहे त्या घरात."

"काकू, वापरच नाही, मग ठेवून काय पूजा करायची?" म्हणत त्याने हातातल्या यंत्रात पाहिलं आणि थबकला. त्याने सांगितलं, टेकडीमागच्या घरांच्या मीटरचे आकडे वीज ऑफिसपर्यंत थेट पोचत नव्हते. हाच मीटर ते पुढे पाठवत होता. मीटरांच्या वाट्याला हवेतल्या रेडिओ लहरींचा एवढासा पट्टा आलेला. सगळे एकदम बोलले तर गोंधळ, म्हणून प्रत्येकाला क्षणभराची पाळी.

माझ्या अंगावर असा काटा आला की सदऱ्याला भोकं पडली. डोक्यावरून अशी किती बंद घरं बोलत जात असतील, आणि त्याच रांगेत आपलंही! राहतं कुठलं, ओस कुठलं, लहरीला काय कळणार?

"राहू दे मग," वायरमन म्हणाला.

वहिनींनी मीटरवर हात ठेवला. "आणि स्वतःचं काय सांगतो रे हा?"

"शून्य, काकू. दर पंधरा मिनिटांनी शून्य."

"सांगू दे," वहिनी म्हणाल्या. "पोचतंय ना कुणापर्यंत तरी."