माफी मागणारा वजनकाटा

"पोट्टी काही बोलूनच नाही राहिली, सर. मेसेज काय लिहीन? प्रोबेशन संपलं की नारळ देऊ."

पँट्रीच्या प्लायवूडमागून पंकज भैयाचं हे वाक्य आलं, तेव्हा मी चहा गाळत होते. समता कॉलोनीतल्या आमच्या ऑफिसात ट्रकच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनतं. काही बिघडलं की स्क्रीनवर हिंदीत काय लिहून यावं, हे ठरवणं माझं काम; इथले ऑपरेटर हिंदीच वाचतात. नोकरी नवी, लग्न नवं. दोन्हीकडे मी कमीच बोलते. किस्से त्यामुळेच साठतात. बोलणाऱ्यांना ऐकायला वेळ कुठे असतो?

*

माझ्याआधी मेसेज आमचा प्रोग्रामर पंकज भैया लिहायचा, आणि मी आल्यावरही काही दिवस त्याचेच चालू होते. इंटरनेट गेलं की त्याचा मेसेज यायचा, "पुनः प्रयास करें." सिलतऱ्याच्या कारखान्यातला काट्याचा ऑपरेटर आज्ञाधारक. त्यानं ट्रक काट्यावरून उतरवला, पुन्हा चढवला. परत उतरवला, परत चढवला. शेवटी ड्रायव्हरचाच फोन आला, "दीदी, डीज़ल कौन देगा?"

*

मग आमच्या मालकांनी, देशकर सरांनी, फर्मान काढलं, गिऱ्हाईकाशी अदबीनं बोला. पंकज भैयानं प्रत्येक मेसेजच्या आधी "क्षमा करें श्रीमान, असुविधा के लिए हमें हार्दिक खेद है" जोडलं. काट्याची स्क्रीन एवढीशी. ती माफीतच भरली, कारण बाहेर राहिलं.

ऑपरेटर म्हणाला, "मशीन माफ़ी तो माँगती है, पर किया क्या है, ये नहीं बताती."

माझा नवराही असाच आहे, हे मी मनातच ठेवलं.

*

मेसेजचा खरा नियम सापडला पुरानी बस्तीत, सासरच्या घरी. वरणात माझ्या हातून दोनदा मीठ पडलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला. "मीठ जास्त झालं वाटते. पाणी घाल अन् एक उकळी येऊ दे."

काय झालं, आता काय करायचं. कोणी केलं, ते नाही. मी तसंच टाइप करून सरांना पाठवलं. पंकज भैयानं वाचून विचारलं, "काहून? ज्याची चूक त्याचं नाव नको?"

*

आणि परवाचा डेमो. कारखाना मोठा, हे गिऱ्हाईक गेलं असतं तर पहिली मी गेले असते. भरलेला ट्रक काट्यावर चढला, पंकज भैयानं बटण दाबलं आणि वजन गायब. स्क्रीनवर त्याचा जुना मेसेज, "अज्ञात त्रुटि. एडमिनिस्ट्रेटर से संपर्क करें."

कारखान्याचे मॅनेजर वर्ध्याकडचे. म्हणाले, "हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोन हाय?"

सरांनी पंकज भैयाकडे पाहिलं. पंकज भैयानं कारखान्याच्या ऑपरेटरकडे. "यानंच काही दाबलं असंन."

ऑपरेटरचे दोन्ही हात चहाच्या ग्लासाभोवती होते. मी घसा साफ केला.

"साहेब, वजन आमच्याकडून पुसलं गेलं. यांनी काही दाबलं नाही. ट्रक हलवू नका, मी वजन परत घेते."