अर्धी चावी
फिल्म जोडायच्या सिमेंटचा झणझणीत वास आला की मला कडावचं खळं आठवतं. स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात आमचे मास्तर तिथं भातशेतीवर माहितीपट काढत होते आणि मी आणि माझा एक वर्गमित्र त्यांचे विद्यार्थी. कॅमेरा त्यांनी त्याच्या हाती दिला आणि मला म्हणाले, "तू चावी भर." घड्याळासारखी ती चावी पूर्ण भरली तरच कॅमेरा शॉट संपेपर्यंत चाले. माझा नुसता जळफळाट होत होता. मी ती मुद्दाम अर्धीच भरली. समोर एक म्हातारी सुपानं भात वारवत होती. भुशाच्या धुरळ्यातून तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बंद पडला. "का रं पोरांनो, दमलं का तुमचं यंतर?" ती म्हणाली. मला बरं वाटलं. पुढं मास्तरांनी तो शॉट वर्गात दाखवला. "कुठं थांबायचं ते याला न शिकवता कळतं," ते म्हणाले. "चावी संपली होती, मास्तर," त्यानं खरं ते सांगितलं, तर मास्तरांना त्याच्या नम्रपणाचंही कौतुक. आता मीही फिल्म शिकवतो आणि दरवर्षी तोच शॉट दाखवतो. हा कोणी घेतला, असं मुलं विचारतात. अजून एकदाही माझ्या तोंडून त्याचं नाव निघालेलं नाही.